कोरे दोन रकाने

वेलदूरच्या धक्क्याशी एक बांबू उभा आहे.
कमरेपर्यंत कालवं धरलीत त्याला,
पण वाकून बघितलंत तर अजून दिसेल
तांबडा, पांढरा, तांबडा, पांढरा:
डोर्लेकरांच्या नौकेचा उरलेला रंग.

सुप्रिता आठवीत होती तेव्हा.
बाप तिला सांगायचा, जसं त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं:
तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
पिढ्यान् पिढ्या याच हिशेबावर होड्या सुटल्या
आणि बहुतेक परतल्याही.

एका सोमवारी तिनं वर्गात हात वर केला.
"सर, अमावास्येला बाराला भरती.
मग पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा.
पण पाणी तर तेव्हाही बाराच्या आसपासच चढतं.
मधला पाऊण तास जातो कुठे?"

मी म्हटलं, चंद्र.
आणि फळ्यावर एक गोल काढला.
गोल चांगला आला होता.
घंटाही अगदी वेळेवर झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं बांबू रोवला.
आधी वितीवितीवर पट्टे मारले होते,
मी विचारलं, वीत कुणाची, तुझी की बापाची?
ती थांबली. घरी गेली.
पट्टी घेऊन आली आणि सगळे पट्टे खरवडून
पुन्हा मारले.

मग एकेचाळीस दिवस.
शाळेआधी, शाळेनंतर, मधल्या सुट्टीत पळत,
कधी मासळीच्या पाट्या उतरवता उतरवता,
ओल्या बोटांनी, त्यामुळे शाई पसरलेली.
तारीख. तिथी. वेळ. किती सेंटीमीटर.
शेरा: उधाण. शेरा: भांग.
शेरा: वारा दक्षिणेचा, पाणी जास्त वाटतं.
शेरा: धक्क्याची वरची पायरी बुडाली.

मध्ये दोन दिवस कोरे.
इंजिनच्या पट्ट्यात बापाचं बोट सापडलं होतं,
ती त्याच्यासोबत चिपळूणला, दवाखान्यात.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलेलं.
मी म्हटलं, आदल्या आणि पुढच्या दिवसाच्या
मधला आकडा टाक, कोण बघतंय?
आणि हे मी म्हटलं.
मी, ज्याच्या टेबलावर
'निरीक्षण, नोंद, निष्कर्ष' असं लिहिलेलं आहे.

ती म्हणाली, "पण सर, मी बघितलंच नाही."

नंबर आला नाही.
पहिला आला ज्वालामुखी,
सोडा, व्हिनेगर आणि मूठभर कुंकू.
परतीच्या टेम्पोत ती गप्प होती,
मी जास्त गप्प.

पुढच्या वर्षी नव्या जेटीची मापं घ्यायला
जीपमधून एक तरुण इंजिनीअर बाई उतरल्या,
बूट चिखलात, नकाशा वाऱ्यात.
सुप्रिता जवळ जाऊन म्हणाली,
ही उंची कमी पडेल. उधाणाला पायरी बुडते.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कशावरून?

वही आणली गेली.
धक्क्यावर, जाळ्यांच्या ढिगावर बसून
त्यांनी पानन् पान वाचलं.
"हे दोन दिवस?"
"तेव्हा मी नव्हते."
बाईंनी वर बघितलं.
"मग उरलेल्या एकोणचाळीसांवर
माझा विश्वास बसला."

आता ती पहाटेच्या लाँचनं दाभोळ गाठते,
तिथून एसटीनं दापोली, अकरावी शास्त्र.
भौतिकात पहिल्या चाचणीला काठावर पास झाली.
फोनवर रडली, मग म्हणाली,
चूक कुठे झाली ते सापडलंय.

आठवीची पोरं विचारतात,
सर, सायन्स घेऊन काय होता येतं?
पगार, पदं, शहरं, मला पाठ आहेत सगळी.
पण मी त्यांना धक्क्यावर नेतो
आणि बांबू दाखवतो.
कुणी त्याला लाथ मारून बघतो, हलतो का.
कुणी कालवं मोजायला लागतं.
जो मोजतो, त्याचं नाव मी लक्षात ठेवतो.

त्या पाऊण तासाचं म्हणाल तर
मला अजून नीट समजावता येत नाही.
दिवाळीत येणार आहे ती.
तिलाच विचारीन.